लेदर सोल आधी टोकाला झिजतो
वर कोणीतरी म्हटलंय की लेदर सोलचे बूट घेतल्या घेतल्या खाली रबर चिकटवून टाकावं, नाहीतर महिन्याभरात वाट लागते. रबराला विरोध नाही, पावसापाण्यात रोज घालायचे असतील तर लावाच, पण वाट लागते ती अख्ख्या सोलची नाही हो, पुढच्या टोकाची. नवा सोल ताठ असतो, चवड्यापाशी वाकत नाही, त्यामुळे पाऊल उचलताना सगळा जोर टोकावर येतो आणि तिथलं लेदर खरवडत जातं, कधीकधी पार शिलाईपर्यंत. एकदा सोल नीट वाकायला लागला की ही झीज बरीच मंदावते. म्हणून सुरुवातीलाच टोकाला छोटी लोखंडी पट्टी ठोकून घेतली तरी पुष्कळ झालं.

आणि ओलीबद्दल कुणीच बोललं नाहीये. भिजलेलं लेदर मऊ पडतं आणि कोरड्यापेक्षा फार लवकर झिजतं, तेव्हा भिजलेले बूट पूर्ण वाळेपर्यंत घालूच नका, कुशीवर आडवे ठेवा म्हणजे तळाला हवा लागते, आत शू ट्री (बुटाचा आकार टिकवणारा लाकडी साचा) घाला, हीटरजवळ किंवा कडक उन्हात अजिबात नको, लेदर तडकतं. मधूनमधून सोलच्या मध्यभागी अंगठा दाबून बघत जा, मऊ लागलं, आत गेल्यासारखं वाटलं किंवा गोल काळपट डाग दिसला तर तिथलं लेदर पातळ झालंय, भोक पडायच्या आत रीसोल करून घ्या, म्हणजे नवा सोल बसवून घ्या. भोकातून पाणी जाऊन सोलच्या आत भरलेला कॉर्कचा थर भिजला की काम आणि खर्च दोन्ही वाढतं.