एकाच कपात आंबट पण आणि कडू पण! बीन्स बदलू की अजून काय?

कपबशी:
मंडळी, मदत पाहिजे. इन्स्टंटचा कंटाळा आला म्हणून फ्रेंच प्रेस (जाळीचा दांडा दाबून कॉफी गाळायचं भांडं) घेतलाय, सोबत अख्ख्या बीन्सचं पाकीट, १००% अरेबिका, लाइट रोस्ट (म्हणजे कमी भाजलेल्या), आणि पाकिटावर छापलंय जर्दाळू, मध, फुलांचा सुगंध वगैरे वगैरे. जर्दाळू राहू दे, मला कॉफीचीच चव धड लागत नाहीये. घोट घेतला की आधी आंबट, मग घशात कडू, आणि तळाशी गाळ तो वेगळाच. मिक्सरमध्ये दळते, दोन मोठे चमचे पावडर, वरून उकळतं पाणी, दोन-तीन मिनिटं ठेवायचं आणि दांडा दाबायचा, एवढंच करते. घरचे म्हणतात डार्क रोस्ट आण, मैत्रीण म्हणते रोबस्टा मिसळलेली घे. नवीन बीन्स घ्यायच्या तर पाकिटावर नक्की बघायचं काय? आणि तो ग्राइंडर खरंच लागतो का, की हौशी लोकांचं खूळ आहे? बहुतेक वेळा काळीच पिते, क्वचित दूध.

जाडंभरडं:
बीन्सना एवढ्यात नावं ठेवू नका. नुसती आंबट असती तर म्हटलं असतं अर्क कमी उतरलाय, नुसती कडू असती तर जास्त उतरलाय, पण दोन्ही एकदम म्हणजे दळणाचा घोळ. एकदा ती पावडर पांढऱ्या कागदावर पसरून बघा, अर्ध्या फुटलेल्या बीपासून ते बोटाला चिकटणाऱ्या धुळीपर्यंत सगळं सापडेल त्यात. पाण्यात आधी आम्लं उतरतात, मग गोडवा, कडवटपणा सगळ्यात शेवटी. धुळीतून हे सगळं चटकन उतरून मोकळं होतं आणि जाड तुकड्यांच्या आतपर्यंत पाणी पोचतच नाही, त्यांच्यातून नुसता आंबटपणा येतो. मग कपात दोन्ही. तळाचा गाळ म्हणजे पण तीच धूळ.

मिक्सरचं पातं बी मिळेल तशी फोडत सुटतं. बर ग्राइंडर म्हणजे छोटं जातंच, दोन दातेरी चकत्या आणि मधलं अंतर आपण ठरवायचं, त्यामुळे कण साधारण एका मापाचे पडतात. तर खूळ नाहीये ते, उलट मी म्हणेन पैसे घालायचेच तर आधी ग्राइंडरमध्ये घाला, महागड्या बीन्स नंतर. तोवर जुगाड सांगतो, मिक्सर सलग फिरवायचा नाही, थोड्याच बीन्स घालून थांबत थांबत, मधे भांडं हलवत, आणि मग बारीक चाळणीतून चाळून धूळ काढून टाकायची. थोडी वाया जाते, जाऊ दे. चिमटीत धरली तर कण वेगवेगळे जाणवले पाहिजेत, प्रेसला तेवढं जाड चालतं.

आणि चमचा सोडा हो. डार्क रोस्ट भाजताना फुगते आणि हलकी होते, लाइट घट्ट आणि जड असते, त्यामुळे एकाच चमच्यात वेगवेगळं वजन बसतं. वजनकाटा घ्या, एक लिटर पाण्याला ६० ग्रॅम, म्हणजे २५० मिलीच्या मगाला १५ ग्रॅम. इथून सुरुवात करा, मग तुमच्या जिभेप्रमाणे कमी-जास्त.

रोबस्टाचा वकील:
वरच्याशी सहमत, पण मैत्रिणीला अगदीच उडवून लावू नका. १००% अरेबिका हा काही दर्जाचा शिक्का नाही, ती फक्त जात झाली, टुकार अरेबिका पण ढिगाने मिळते. आणि गंमत म्हणजे अरेबिका स्वतःच रोबस्टा (म्हणजे कॅनेफोरा) आणि युजेनिऑइडिस या दोन जातींच्या संकरातून आलेली आहे, म्हणजे लोक जिला नाकं मुरडतात ती हिची सख्खी आई किंवा बाप. रोबस्टात कॅफिन जवळजवळ दुप्पट, चवीला कडक, अंगाने जाड, म्हणून दुधात तिची चव टिकते. काळी प्यायची तर अरेबिका घ्या, दूध घालणार त्या दिवशी थोडी रोबस्टा असलेलं मिडियम-डार्क ब्लेंड. हाकानाका.

भाजून_आलो:
पाकिटावर काय बघायचं ते राहिलंच की. सगळ्यात आधी भाजल्याची तारीख. ‘अमुक तारखेपर्यंत उत्तम’ याला काही अर्थ नाही, ती वर्षभर पुढची पण टाकतात. भाजल्यापासून महिना-दीड महिन्यात संपेल एवढंच लहान पाकीट घ्यायचं. अगदी कालची भाजलेली पण नको, भाजताना बीमध्ये कार्बन डायऑक्साइड साठतो आणि तो हळूहळू निघत राहतो (पाकिटाला ती बारकी झडप असते ना, ती त्यासाठीच). गॅस भरपूर असला की पाणी नीट आत शिरत नाही, म्हणून लाइट रोस्ट आठवडाभर तरी ठेवून मग फोडावी असं माझं मत. गरम पाणी ओतल्यावर पावडर फुगून फेस येतो तो हाच गॅस, फेस आलाच नाही तर समजा बीन्स जुन्या आहेत किंवा दळून बरेच दिवस झालेत.

दुसरं म्हणजे रोस्ट. ‘डार्क म्हणजे स्ट्राँग’ हे डोक्यातून काढा, कॅफिनमध्ये फार फरक पडत नाही, बदलते ती चव. लाइटमध्ये मूळ बीची चव आणि आंबटपणा जास्त, डार्कमध्ये भाजण्याचीच चव जास्त. बी तेलाने चकचकीत दिसत असेल तर ती बरीच भाजलेली आहे आणि ते तेल लवकर खवट होतं.

तिसरं, प्रोसेस. वॉश्ड म्हणजे फळाचा गर काढून मग वाळवलेली, चव स्वच्छ. नॅचरल म्हणजे अख्खं फळ वाळवून मग बी काढलेली, जास्त फळाळ, कधीकधी जरा आंबूस. जर्दाळू-मध वगैरे बाहेरून काही घातलेलं नसतं, चाखणाऱ्याला काय आठवलं ते लिहितात. इथिओपियाची वॉश्ड बऱ्याचदा फुलांच्या आणि लिंबाच्या अंगाने जाते, ब्राझीलची बदाम-चॉकलेटच्या. तुम्हाला आंबट आवडतच नसेल तर लाइटशी झटापट कशाला, मिडियम रोस्ट ब्राझील घ्या, ती चुका पोटात घालते.

सहज_डोकावलो:
मी तर ऐकलंय उकळत्या पाण्याने कॉफी जळते, ८५ अंशच पाहिजे? मग इथे कोणी काहीच कसं बोललं नाही?

जाडंभरडं:
२०० अंशांच्या आसपास भाजून निघालेली बी १०० अंशांच्या पाण्याने काय जळणार राव. लाइट रोस्टला नुकतं उकळलेलं पाणीच घ्या, तिच्यातून अर्क मुश्किलीने निघतो. डार्कला ८५-९० ठीक, तिच्यातला कडवटपणा लगेच उतरतो म्हणून.

टीडीएस_पंडित:
पाण्याचा विषय निघालाच आहे तर, कपात ९८ टक्क्यांच्या वर पाणीच असतं आणि त्यावर कोणी बोलत नाही. आरओचं पाणी फार ‘मोकळं’ असेल तर कॉफी आंबट-पांचट लागते, कॅल्शियम-मॅग्नेशियम थोडं तरी हवं. उलट फार जड पाणी असेल तर त्यातले बायकार्बोनेट आम्लं मारून टाकतात आणि चव सपाट होते. केटलला आतून पांढरा थर धरत असेल तर तुमचं पाणी या दुसऱ्या गटातलं. जड आणि आरओ अर्धं-अर्धं मिसळून बघा, फुकटचा प्रयोग आहे.

कपबशी:
बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी! चाळून बघितलं. धूळ एवढी निघाली की मला वाटलं अर्धी कॉफीच गेली. पण कडूपणा खरंच गेला, गाळ पण कमी. आंबट मात्र अजून आहे, पण आधीसारखं जिभेला चावत नाही. आता अजून बारीक दळू की जास्त वेळ ठेवू? आणि उरलेल्या बीन्स फ्रिजमध्ये टाकू का?

जाडंभरडं:
दोन्ही एकदम नको, मग कशाने फरक पडला ते कळत नाही. आधी वेळ वाढवा. ४ मिनिटांनी वर तरंगणाऱ्या पावडरची साय चमच्याने मोडा, फेस काढून टाका आणि आणखी ५ मिनिटं हात न लावता सोडून द्या, गाळ आपोआप खाली बसतो. मग दांडा तळापर्यंत दाबायचाच नाही, जाळी पाण्याच्या वर ठेवून अलगद ओता. प्रेसमध्ये जास्त वेळ ठेवल्याने लोकांना वाटतं तेवढी कडू होत नाही. एवढं करूनही आंबटच लागली तर मग बारीक.

भाजून_आलो:
फ्रिज नको, दमट असतो आणि सगळे वास लागतात. हवाबंद डबा, अंधाऱ्या कपाटात, बास. फ्रीझर चालतो, पण छोट्या छोट्या हवाबंद पुड्या करून, आणि बाहेर काढल्यावर पुडी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायची नाही, नाहीतर बियांवर पाणी सुटतं.

टीडीएस_पंडित:
एक राहिलं. घरात कोणाचं कोलेस्टेरॉल जास्त असेल तर रोज प्रेसची नका देऊ, जाळीतून कॅफेस्टॉल नावाचा तेलकट पदार्थ कपात येतो आणि तो एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) वाढवतो. कागदी फिल्टरमध्ये तो बराचसा अडकतो.

कपबशी:
हे बरं सांगितलंत, बाबांसाठी कागदवालं काहीतरी बघते. आणि हाताने फिरवायचा ग्राइंडर घेतला तर चालेल ना?

जाडंभरडं:
चालेल की, त्याच किमतीत विजेवरच्यापेक्षा दळण सहसा चांगलंच मिळतं. फक्त दांडा लांब बघून घ्या, लाइट रोस्ट म्हणजे दगड असतो, आखूड दांड्याने घाम निघतो.