डिकन्सचं बालपण पाहायला पोर्ट्समथ? कशाला?

थेम्सकाठचा: लंडनला मुलांकडे आलेल्या आईबाबांसाठी कुणीतरी काल सल्ला टाकलाय: 'कादंबरीकार चार्ल्स डिकन्सचं बालपण बघायचं तर पोर्ट्समथचं जन्मघर चुकवू नका.' अहो, जन्म ७ फेब्रुवारी १८१२चा आणि त्याच जूनमध्ये बिऱ्हाड हललं! फर्निचर काळाला धरून मांडलेलं, कुटुंबाचं नव्हे. तिथला खरा म्हणावा तो एक कोच, तर त्यावर डिकन्स १८७०त वारले, तेही गॅड्स हिलच्या घरी. त्यापेक्षा लंडनमध्येच बरो स्टेशनला उतरा. सेंट जॉर्ज द मार्टर चर्चलगत एंजल प्लेस नावाची बोळ आहे. तिथली विटांची भिंत म्हणजे मार्शलसी तुरुंगाची दक्षिण हद्द. बोळात उभे राहिलात तर तुम्ही तुरुंगाच्या आत, चर्चच्या बागेत गेलात की बाहेर. ४० पौंड १० शिलिंगांच्या देण्यापायी १८२४त डिकन्सचे वडील इथे कैदेत होते.

जुनी_बांधणी: एका भिंतीसाठी इतकं? वडील आरमाराच्या पगार कचेरीत कारकून; अशा कारकुनाचं घर कसं असे, ते जन्मघरात दिसतं. ते पाहिल्याशिवाय घसरण कळायची कशी? लोक फसतात ते वेगळ्याच कारणाने. नकाशात नुसतं 'कमर्शियल रोड' टाकतात आणि दुकानांत पोचतात. ३९३, ओल्ड कमर्शियल रोड टाका. स्टेशन पोर्ट्समथ अँड साउथसी, हार्बर नव्हे. आणि उघडं असल्याची खात्री करूनच निघा, बारमाही नसतं.

खडूस_वाचक: भिंत नको, कोच नको. पोरवयात डिकन्स राबला त्या बूटपॉलिशच्या कारखान्याचं काय? आठवड्याला ६ शिलिंग. डबीवर आधी तेलकागद, मग निळा कागद, दोरा बांधायचा, कडा कातरायच्या, वर लेबल. कारखाना हंगरफर्ड स्टेअर्स या थेम्सच्या घाटावर; ती जागा म्हणून लोक एम्बँकमेंटच्या, म्हणजे नदीच्या बांधाच्या, कठड्याशी फोटो काढतात. तिथे तेव्हा नदी होती हो! बांध १८७०त पुरा झाला. जुना काठ बघायचाय तर एम्बँकमेंटच्या बागेतलं यॉर्क वॉटरगेट, म्हणजे नदीवरचं जुनं दार, गाठा. १६२६च्या सुमाराची ती कमान तेव्हा पाण्याला लागून होती, आज पाणी सव्वाशे मीटरहून लांब. कारखाना त्याच ओळीत, आता चेरिंग क्रॉस स्टेशन आहे तिकडे.

थेम्सकाठचा: म्हणजे कारखाना बघायला जायचं आणि स्टेशन बघून यायचं. छान! तो पुढे चँडॉस स्ट्रीटला हलला, पोरं खिडकीत बसून डब्या बांधायची, रस्त्यावरचे बघत उभे राहायचे. ते का गाळलंत?

खडूस_वाचक: गाळलं नाही, तिथवर पोचू दिलंत कुठे? तुमच्या भिंतीपलीकडे तरी काय उरलंय?

जुनी_बांधणी: नदीचा विषय संपला असेल तर मूळ प्रश्नावर या.

मेडवेकर: चॅथमचं नाव कुणीच काढलं नाही, कमाल आहे. १८१७ ते १८२२, शुद्धीतलं बालपण तिथलं. २, ऑर्डनन्स टेरेस, हल्लीचा क्रमांक ११, चॅथम स्टेशनच्या अगदी जवळ. समोरचं खेळायचं मैदान रेल्वेने गिळलं, हे गाऱ्हाणं स्वतः डिकन्सनेच लिहून ठेवलंय. घर खाजगी आहे, बाहेरूनच बघा. वडील कामाला होते ती आरमाराची गोदी मात्र आतून बघता येते, तिला अर्धा दिवस द्या.

थेम्सकाठचा: बरं, चॅथम दिलं तुम्हाला. पोर्ट्समथ मात्र कोचवर झोपायचं असेल तरच!

जुनी_बांधणी: झोपू देत नाहीत.