दोन एकर बाग आहे, गावातल्या द्राक्ष संस्थेत सभासद व्हावं का?

माणेराजुरीकर
माणेराजुरीच्या शिवारात आमची सोनाका जातीच्या द्राक्षाची दोन एकर बाग आहे. वडील आणि मी, दोघंच राबतो. गेल्या हंगामात व्यापाऱ्यानं सुरुवातीचा माल रोखीनं उचलला, विश्वास बसवला आणि उरलेल्या मालाचे चेक हातात देऊन गायब झाला. फोन बंद. आता ऑक्टोबर छाटणी तोंडावर आलीय. औषध दुकानाची उधारी तशीच आहे, सोसायटीचं कर्ज नवं-जुनं करायचंय. गावातल्या बागायतदारांची सहकारी संस्था आहे, ते शेअर घे म्हणून मागं लागलेत. वडील म्हणतात, संस्था म्हटली की राजकारण आलं, आपण बरं आपली बाग बरी. अडचणीच्या वर्षात अशा संस्थेचा खरंच आधार होतो का? अनुभव असलेल्यांनी सांगा.

पलूसचा बागायतदार
वडिलांचं अगदीच चूक नाही. आमच्या भागात एक संस्था चेअरमनच्या भांडणात बसली, सभासदांचे शेअर अडकले ते अडकलेच. पैसे भरायच्या आधी मागच्या वर्षांचे ऑडिट रिपोर्ट बघ, ऑडिट वर्ग, म्हणजे तपासणीत मिळालेली श्रेणी, कुठला मिळालाय ते विचार. दाखवायला टाळाटाळ केली तर समजून जा.

बेदाणा शेडवाली, कवठेमहांकाळ
दादा, आमच्या घरचा हिशेब मी लिहिते, म्हणून सांगते. संस्थेमुळं भाव वाढून मिळतो असं कुणी म्हणत असेल तर त्यावर जाऊ नका. फायदा वेगळाच आहे. माल पिकला त्याच दिवशी, मिळेल त्या भावात विकायची पाळी येत नाही.

मार्च 2020 आठवा. लॉकडाऊन लागला, माल वेलीवर आणि व्यापारी एकही फिरकेना. ज्यांचं बेदाणा सुकवायचं स्वतःचं शेड नव्हतं त्यांनी करायचं काय? आमच्या संस्थेचं शेड नागजकडं आहे, तिथली हवा कोरडी. पाळ्या लावल्या. द्राक्षं लवकर सुकावीत म्हणून ज्यात बुडवतात ते डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेट एकदम घेतलं होतं, ते प्रत्येकाला वाटून दिलं. साधारण चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा पडतो, म्हणजे नाशिवंत माल टिकाऊ झाला आणि कोल्ड स्टोरेजला गेला. पुढं त्यावर तारण कर्ज काढलं. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत बेदाणा बसतो, सहा टक्के व्याज आणि 180 दिवस मुदत. त्या पैशात एप्रिल छाटणीचा खर्च निघाला. बेदाणा आम्ही सणासुदीच्या तोंडावर विकायला काढला.

बेदाण्याच्या सौद्याचंही, म्हणजे लिलावाचंही सांगते. आधी माझे सासरे एकटे बॉक्स घेऊन जायचे. खरेदीदार बॉक्स फोडायचे, मूठ भरून बघायचे आणि बेदाणा तिथंच उधळायचे. पायाखाली आपला माल तुडवला जातोय आणि आपण गप्प उभं राहायचं. वर तूट म्हणून कापायचे ते वेगळंच. एकट्या शेतकऱ्याचं तिथं कोण ऐकतंय? आता संस्थेचा माणूस सगळ्यांचा माल घेऊन उभा असतो. तो "पोतं घ्या, त्यात टाका, खाली नको" म्हणाला तर ऐकावं लागतं, कारण दुसऱ्या सौद्याला तेवढा माल त्यांना दुसरीकडं मिळत नाही. ताज्या मालालाही आमचा नियम आहे: व्यापाऱ्याची अनामत संस्थेत जमा झाल्याशिवाय बागेला कात्री लागत नाही. तुमच्यासारखी वेळ त्यामुळं टळते.

पाऊस मात्र संस्था अडवू शकत नाही. फुलोऱ्यात अवकाळी आला की डाऊनी हा बुरशीचा रोग येणारच, घड कुजणारच. तिथं सगळे सारखेच.

आणि माझ्या मते संस्था मोडते ती चांगल्या वर्षी. बाहेरचा व्यापारी किलोला दोन रुपये जास्त देतो, सभासद गुपचूप माल घालतात आणि संस्थेची गाडी अर्धी रिकामी उभी राहते. मग वाईट वर्षी शेड चालवायला पैसा आणायचा कुठून? याचा मला फार राग येतो. पोटनियमात बाहेर माल घालणाऱ्याला दंड आहे का, आणि तो खरंच वसूल करतात का, एवढं आधी विचारा.

पलूसचा बागायतदार
ताई, हे पटलं. निर्यातीतही तेच. 2010 ला युरोपात क्लोरमेक्वाटच्या अंशामुळं आपली द्राक्षं अडकली. ते ज्यात असतं ते लिहोसिन, वेलीची वाढ रोखायचं औषध, मारलं होतं काहींनी, भोगलं सगळ्यांनी. एकमेकांच्या फवारणीवर लक्ष ठेवणारी माणसं हवीतच.

माणेराजुरीकर
मनापासून आभार. काहीजण म्हणतात सहकारी संस्था नको, शेतकरी उत्पादक कंपनी काढा. त्यात राजकारण कमी असतं का?

पलूसचा बागायतदार
कायदा वेगळा, माणसं तीच. 2002 च्या कंपनी कायद्यातल्या दुरुस्तीनं दहा शेतकरी एकत्र येऊन कंपनी काढू शकतात. नाशिकची सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांची कंपनी त्याच वाटेनं मोठी झाली. द्राक्ष निर्यात करणारी महाग्रेप्स 1991 ला सहकारी संस्थांनी मिळून उभी केली आणि तिनंही युरोपची वाट दाखवली. गावात चालू संस्था असेल तर नव्यानं नोंदणी, ऑफिस, सीए कशाला?

माणेराजुरीकर
वडिलांना दोन्ही उत्तरं वाचून दाखवली. ऑडिट रिपोर्ट बघायला या म्हणाले सेक्रेटरी. ताई, आता सभासद झालो तर याच हंगामाचा माल घेतील का?

बेदाणा शेडवाली, कवठेमहांकाळ
आमच्याकडं घेतात. पण शेडची पाळी छाटणीच्या तारखेवरून लागते, म्हणून छाटणी झाली की त्याच आठवड्यात प्लॉट, जात आणि तारीख नोंदवून या. उशीर केला तर एप्रिलची पाळी येते, आणि तेव्हा वळवानं शेडमधला बेदाणा काळा पडायची भीती असते.