गोधडीचं कटिंग: ४४ पन्ह्यात चौकोन बसवताना कापड वाया जातंय

सुईदोरा_नागपूर
सिंगल पलंगासाठी साधारण ६० × ९० इंचाची गोधडी करायची आहे. दोन रंगांचे चौकोन, एकाआड एक. शिवल्यावर चौकोन ५ इंचाचा, म्हणजे १२ × १८ असे २१६. प्रत्येक रंगाचे १०८. दोन्हीकडून पाव इंच माया (शिवणीसाठी सोडलेलं जादा कापड) धरून साडेपाच इंचाने कापायचे. गांधीबागेतल्या कापड बाजारातून ४४ पन्ह्याचं, म्हणजे ४४ इंच रुंदीचं सुती आणणार. काठ सोडून ४२ इंच धरलं तर आडव्या पट्टीत ७ चौकोन बसतात आणि साडेतीन इंच उरतात. १६ पट्ट्या, म्हणजे प्रत्येक रंगाचं ८८ इंच कापड, आणि प्रत्येक पट्टीमागे एक चिंधी. दुसरी मांडणी आहे का? आणि अस्तर, कडेची पट्टी यांना किती घेऊ? घरात जुनी सुती पाचवारी आहे, ती अस्तराला चालेल का?

उरेब
ताई, चौकोन आधी ठरवून पन्ह्यात बसवायला गेलं की असंच होतं. पन्ह्यावरून चौकोन ठरवा. ४२ ला ७ ने भागलं की ६. सहा इंचाने कापा, शिवल्यावर साडेपाच राहील. ११ × १६ = १७६ चौकोन, गोधडी साडेसाठ × ८८. प्रत्येक रंगाचे ८८, त्यांना १३ पट्ट्या, म्हणजे ७८ इंच. दोन रंगांत मिळून २० इंच वाचले आणि शिवणीही कमी झाल्या.

पण ४२ हा आकडा कोऱ्या कापडाचा. सुती कापड पहिल्या धुण्यात ३ ते ५ टक्के सहज आटतं, पन्ह्यातही आणि लांबीतही. म्हणून प्रत्येक रंगाचं सव्वादोन मीटर घ्या, भिजवा, सावलीत वाळवा, थोडं दमट असतानाच इस्त्री करा. गडद रंग वेगळा भिजवा. मग दोन्ही काठ कापून पन्हा तीन ठिकाणी मोजा आणि सगळ्यांत कमी भरेल तो आकडा धरा. चौकोनाचं माप त्यानंतर ठरवायचं, दुकानात नाही.

काठ चौकोनात घेण्याचा मोह टाळा. त्याची वीण घट्ट असते, धुतल्यावर तो वेगळा आटतो आणि शिवण गोळा होते.

खडू_आणि_कात्री
हिशोब बरोबर असूनही कापड कमी पडतं ते पट्ट्या वाकड्या गेल्यामुळे. काठ जुळवून दुहेरी घडी घातली की घडीच्या जागी लाट येते का बघा. आली तर एक काठ डावी-उजवीकडे सरकवा, घडी सपाट पडेपर्यंत. लाट तशीच ठेवून कापली तर पट्टी उघडल्यावर मध्यभागी इंग्रजी व्हीसारखी मोडलेली दिसते, आणि ती सरळ करण्यात अर्धा-पाऊण इंच जातो.

टोक सरळ आहे का हे कळायला आडवा धागा ओढून काढा आणि त्या रेषेवर कापा. दर चार पट्ट्यांनंतर घडीला काटकोन लावून टोक पुन्हा तपासा. कात्रीने दोनपेक्षा जास्त थर कापू नका. खालचा थर सरकतो आणि चौकोन लहान-मोठे होतात.

माया एक सूत (इंचाचा आठवा भाग) जास्त गेली तर प्रत्येक शिवणीत दोन सूत जातात. ११ चौकोनांच्या ओळीत १० शिवणी, म्हणजे गोधडी अडीच इंच अरुंद! मशीनच्या पट्टीवर सुईपासून पाव इंचावर चिकटपट्टी लावा.

अस्तरवाली
अस्तर चारही बाजूंनी ४ इंच मोठं हवं, म्हणजे साडेअडुसष्ट × ९६. ४४ पन्ह्यात ९६ इंचाच्या दोन लांब्या लागतात, आटण्यासह सव्वापाच मीटर. जोडल्यावर बाजूला १३-१५ इंचाची लांब पट्टी उरते. त्यातून अडीच इंची चार पट्ट्या काढा, कडेचं काम भागतं. ५८ पन्ह्यात जोड आडवा घेतला तर पावणेचार मीटर पुरतं. दोन्हीचा भाव विचारून मगच ठरवा.

साडी जरूर वापरा. साडेपाच मीटर म्हणजे २१६ इंच, दोन लांब्यांना १९२ लागतात. आधी उजेडासमोर धरा. निऱ्यांचा आणि बसण्याचा भाग विरळ झालेला असतो. तिथे उरलेल्या २४ इंचांतून दुसरा थर आतून लावा. कडेची पट्टी मात्र साडीची नको. गोधडी सगळ्यांत आधी कडेलाच फाटते. पाऊण मीटर नवं कापड वेगळं घ्या, तेही धुऊन.

सुईदोरा_नागपूर
धुऊन, काठ कापून मोजलं. एक रंग ४१ इंच, दुसरा साडेएक्केचाळीस. लांबी दोन्हीची ८५. आता सहाचे सात बसत नाहीत.

उरेब
दोन्हीला ४१ धरा. पावणेसहाने कापा: सातांना सव्वाचाळीस लागतात, पाऊण इंच हातचा राहतो. शिवल्यावर सव्वापाच. ११ × १७ घ्या, गोधडी पावणेअठ्ठावन × सव्वाएकोणनव्वद होईल. चौकोन १८७: एका रंगाचे ९४, दुसऱ्याचे ९३. प्रत्येकी १४ पट्ट्या म्हणजे साडेऐंशी इंच, तुमच्या ८५ मध्ये टोकं सरळ करूनही बसतात आणि चार-पाच चौकोन शिल्लक राहतात. दोन्ही संख्या विषम असल्यामुळे चारही कोपरे एकाच रंगाचे येतील. ज्या रंगाची कडपट्टी लावणार, त्याचे ९३ ठेवा, म्हणजे कोपरे उठून दिसतील.