मदत हवी आहे : काजवे बघायचेत, पण तंबूत झोपायचं नाही

स्वाती_नक्षत्र
भंडारदऱ्याला काजवे बघायला जायचंय. आमच्या लोकांनी तळ्याकाठचे तंबू ठरवलेत, उद्या संध्याकाळपर्यंत पैसे भरायचेत. मला तंबू नको. नीट खोली, पलंग आणि खोलीतच संडास-बाथरूम हवं. चांगलं ठिकाण माहीत असेल तर पटकन सांगा. "एकदा अनुभव घेऊन बघ" हे कृपया नको, घेतलाय.

डोंगरभूत
काजवे बघायचे आणि झोपायचं बंद खोलीत, हे मला पटत नाही. वीस वर्षं हरिश्चंद्रगडावर जातोय, देवळाजवळच्या गुहेत पथारी टाकून झोपतो. पाठीला चार खडे टोचले म्हणून काय बिघडतं? गाद्या घरी आहेतच की.

निळावंती
किती जण? कुठून निघताय? तारीख कोणती? गाडी स्वतःची का? यातलं काहीच लिहिलेलं नाही, कसं सांगणार?

घाटमाथा७
तंबू घेताना वरचं आच्छादन वेगळं असलेलाच घ्या. एकाच कापडाचा असला की श्वासाची वाफ आत साचते आणि पहाटे अंगावर ठिबकते. खाली जाड मॅट हवीच.

स्वाती_नक्षत्र
@घाटमाथा७, मला तंबू विकत घ्यायचा नाहीये.
@निळावंती, पुण्याहून, 5 जण, स्वतःची गाडी, जूनचा पहिला शनिवार.
आणि ते ठिबकणं मला चांगलं माहितीय. गेल्या वर्षी पवना धरणाजवळ राहिलो होतो. जमीन उतरती होती, रात्रभर गादीसकट पायथ्याकडे घसरत होते. पहाटे साडेचारला कपाळावर थेंब पडला म्हणून उठले, तर उशी ओली, पांघरूण ओलं. चाळीसेक तंबूंना मिळून दोन संडास, बाहेर चपलांची रांग. गाणी रात्री एकपर्यंत चालू. दुसरा सगळा दिवस डोकेदुखीत गेला, तळं डोळे भरून बघितलंच नाही. मला काजवे मनापासून बघायचेत, म्हणूनच झोप नीट हवी.

डोंगरभूत
तो कॅम्प वाईट होता. त्यात तंबूचा काय दोष?

निळावंती
दोष कुणाचाही असो, त्यांना नकोय ना! डोंगरात जाणाऱ्या प्रत्येकाने हाल सोसलेच पाहिजेत, असा नियम कुणी केला? माझे बाबा दर वर्षी सह्याद्रीत जायचे आणि रात्री विश्रामगृहात गरम पाण्याने आंघोळ करून झोपायचे. झाडं, पक्षी त्यांच्याइतके ओळखणारं मी दुसरं कुणी पाहिलेलं नाही.

दुपारची_झोप
लोणावळ्याला जा. हॉटेलं भरपूर, रस्ता चांगला.

घोटीकर
आमचा भागच तो, म्हणून सांगतो. मुक्काम शेंडी गावात करा. एमटीडीसीचं निवासस्थान जलाशयाला लागूनच आहे, आधी तिथे विचारा. या दिवसांत लवकर भरतं, नाही मिळालं तर शेंडीतच घरगुती खोल्या आहेत. फोनवर तीन गोष्टी विचारा : पलंग आहे की जमिनीवर गादी, संडास खोलीतच आहे का, वीज गेली तर सोय काय. काजव्यांसाठी रात्रभर बाहेर राहायची गरज नाही. अंधार पडला की गाडीने निघा, घाटघर-रतनवाडीच्या रस्त्याला हिरडा, बेहडा, सादडा, जांभळाची झाडं बघा, जेवायला परत या. मे अखेर ते मोठा पाऊस लागेपर्यंतच हंगाम. चंद्र नसेल तर जास्त छान दिसतात, तेव्हा आधी कॅलेंडर बघा.

कोतूळ_रोड
पुण्याहून आळेफाटा, बोटा, कोतूळ, राजूर असं या. संगमनेरचा वळसा वाचतो.

घोटीकर
आणि अंधार पडल्यावर त्या अरुंद रस्त्यावर समोरून ट्रक आला की काय करायचं? संगमनेर, अकोले, राजूर हाच रस्ता धरा.

कोतूळ_रोड
दर महिन्याला जातो मी, काही होत नाही.

निळावंती
रस्त्याचं भांडण दुसरीकडे करा. स्वाती, बरोबर कुणी वयस्कर आहे का? नुसतं "बाथरूम हवं" म्हणून चालत नाही.

स्वाती_नक्षत्र
हो, आई आहे. लिहायचं राहिलं. 68 वर्षांची, दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालीय. जमिनीवर बसता येत नाही, कमोडच लागतो. लहानपणी गावच्या ओढ्याशी पाहिलेल्या काजव्यांबद्दल ती अजून बोलते, तिच्यासाठीच चाललेय.

डोंगरभूत
हे आधीच सांगायचंत. मग तंबू नकोच. एक मात्र ऐका : रस्त्यावर थांबलात की गाडीचे दिवे बंद करा, मोबाइलचा फ्लॅश नको, टॉर्चला लाल कागद लावा. नर चमकून मादीला खुणावतो, आपल्या उजेडात ती खूण हरवते. गवतात पाय घालू नका, माद्या खालीच असतात.

स्वाती_नक्षत्र
नक्की पाळू. शेंडीत घरगुती खोली मिळाली. पलंग आहे, कमोड आहे, ताईंनी व्हिडिओ कॉलवर दाखवला, शेजारी धरायला दांडा नाही म्हणून प्लॅस्टिकची खुर्ची ठेवते म्हणाल्या. बाकीचे तिघे तंबूतच राहणार आहेत, रात्री आम्हाला न्यायला येतील. सकाळी रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर आईला झेपेल का? चढ आहे?

घोटीकर
गाडी देवळापाशी जाते. चढ नाही. पुष्करणीच्या पायऱ्या तेवढ्या उतरू देऊ नका, पावसात निसरड्या होतात.