ऑफिसला रोज सायकल, मग २०० ची बीआरएम?
ठाणे-विक्रोळी रोज सायकलने जाणाऱ्याला २०० किमीची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) झेपेल का असं एकाने विचारलंय, तर नक्की झेपेल. साडेतेरा तास मिळतात, म्हणजे थांबे धरून ताशी १५ च्या आसपास. खरा प्रश्न पायांचा नाहीच, पाण्याचा आहे, आपल्या दमट हवेत घाम सुकत नाही त्यामुळे अंग थंड होत नाही आणि तहान लागेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन घोट, एका बाटलीत इलेक्ट्राल, खिशात चिक्की. ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर गायमुखच्या चढाआधीच गिअर हलका करा, पेडल जड झाल्यावर बदलायला गेलात की चेन कडकडते आणि गुडघे धरतात. आधी एखाद्या रविवारी शंभर करून बघा, आणि मागचा लाल दिवा दिवसासुद्धा चालू ठेवा प्लीज.