मागचं सिझेरियन असताना कळा आणायच्या तर

चाळिसावा आठवडा उलटला, डॉक्टर कळा आणू म्हणतात, मागचं सिझेरियन आहे, भीती वाटते असं तुम्ही लिहिलंत. ताई, आधी विचारा, कळा कशाने आणणार? खरा फरक तिथे आहे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या नोंदींवरच्या २००१ सालच्या अभ्यासात आपोआप कळा आल्यावर गर्भाशय फाटण्याचं प्रमाण हजारी सुमारे ५ होतं, प्रोस्टाग्लँडिनशिवाय (हे गर्भाशयाचं तोंड मऊ करून कळा आणणारं औषध) कळा आणल्यावर ८, ते वापरून मात्र २४-२५. मिसोप्रोस्टॉलची गोळी, तीही प्रोस्टाग्लँडिनच, ती तर नकोच, स्पष्ट सांगा. फोलीचा फुगा (गर्भाशयाचं तोंड उघडायला आत फुगवतात ती नळी), जपून दिलेलं ऑक्सिटोसिन (सलाइनमधून देतात ते कळांचं औषध) यांबद्दल विचारा. आणि बाळाचे ठोके सतत बघायची सोय नसेल, रात्री-अपरात्री ऑपरेशन थिएटर आणि भूलतज्ज्ञ मिळणार नसतील, तर तिथे हा प्रयत्न करूच नका. मागचा छेद आडवा होता की उभा, तेही जुन्या कागदांत बघा. पोटावरचा नव्हे, गर्भाशयावरचा.